विश्लेषण : फोन ऑटोमेशन ॲप्सना ‘रूट’ कशासाठी हवे असते? प्लगइनवर किती विसंबावे?

घरातून बाहेर पडताच वायफाय बंद व्हावे, कार्यालयात पोहोचताच फोन ‘सायलेंट’ व्हावा, रात्री अकराला मोबाइल डेटा बंद होऊन सकाळी सहाला पुन्हा सुरू व्हावा, गावी राहणाऱ्या वडिलांच्या फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की मुलाला एसएमएस जावा… अशी कामे फोनकडूनच करून घेणारी टास्कर, मॅक्रोड्रॉइड, ऑटोमेट यांसारखी ॲप्स अँड्रॉइडवर गेली अनेक वर्षे आहेत. मात्र, ती वापरू लागल्यावर थोड्याच दिवसांत पडद्यावर सूचना येते, ‘या कृतीसाठी रूट आवश्यक आहे’. किंवा, ‘यासाठी वेगळे प्लगइन बसवा’. रूट केले तर बँकेचे ॲप चालेनासे होण्याची भीती आणि प्लगइन बसवले तर ते उद्या चालेल का, ही शंका. हा पेच नेमका काय आहे, याविषयी…

ऑटोमेशन ॲप नेमके काय करते?

या ॲप्सचा गाभा साधा आहे. ‘असे झाले, तर तसे कर’ एवढाच. वेळ, ठिकाण, बॅटरीची पातळी, आलेला फोन, जोडलेला हेडफोन ही झाली निमित्ते. आवाज कमी करणे, संदेश पाठवणे, एखादे ॲप उघडणे या झाल्या कृती. निमित्त आणि कृती यांची सांगड वापरकर्त्याने एकदा घालून दिली की पुढचे काम फोन करतो.

मात्र, यातली प्रत्येक कृती ऑटोमेशन ॲप स्वतःच्या बळावर करत नसते. आवाज कमी करायचा तर त्याला अँड्रॉइडला विनंती करावी लागते. एसएमएस पाठवायचा तर वापरकर्त्याची परवानगी लागते. दुसऱ्या ॲपमधले बटण दाबायचे तर आणखी मोठी परवानगी लागते. म्हणजे या ॲप्सची सगळी ताकद उसनी असते. ती कोणाकडून उसनी घेतली आहे, यावर एखादा नियम किती दिवस चालेल आणि त्यात किती जोखीम आहे, हे ठरते.

मग रूट का मागितले जाते?

अँड्रॉइडचा पाया लिनक्सचा आहे. त्यात प्रत्येक ॲपला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो आणि प्रत्येक ॲप आपापल्या कुंपणात राहते. एका ॲपला दुसऱ्याची माहिती वाचता येत नाही, तसेच फोनच्या मूळ सेटिंग्जनाही हात लावता येत नाही. ‘रूट’ हा या व्यवस्थेतला सर्वाधिकारी वापरकर्ता. त्याला कोणतेच कुंपण नसते. विकत घेतलेल्या फोनमध्ये हे अधिकार ग्राहकाला दिलेले नसतात. ते मिळवण्याच्या प्रक्रियेला फोन ‘रूट करणे’ म्हणतात. त्यासाठी २०१६ पासून प्रामुख्याने मॅजिस्क हे साधन वापरले जाते.

ऑटोमेशन ॲपला रूट मिळाले की फ्लाइट मोड लावणे, मोबाइल डेटा बंद करणे, दुसरे ॲप गोठवणे, फोन पुन्हा सुरू करणे अशी एरवी बंद असलेली दारे उघडतात. म्हणूनच अशा कृतींसमोर ‘रूट आवश्यक’ असे लिहिलेले असते.

पूर्वी सहज होणारी कामे आता का होत नाहीत?

अनेक जुन्या वापरकर्त्यांची हीच तक्रार असते. त्यात तथ्य आहे, कारण अँड्रॉइडने एकेक दार टप्प्याटप्प्याने बंद केले. २०१२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.२ मध्ये फ्लाइट मोडची सेटिंग अशा गटात हलवली गेली, जिथे बाहेरच्या ॲप्सना ती केवळ वाचता येते, बदलता येत नाही. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून मोबाइल डेटा चालू-बंद करण्याची आडवाट बंद झाली. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲप्सना वायफाय चालू-बंद करण्यास मनाई झाली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये ब्लूटूथबाबतही तसाच नियम आला.

याला जोड मिळाली ती गुगल प्ले स्टोअरच्या अटींची. ॲप नव्या आवृत्तीच्या नियमांनुसारच बनवलेले असावे, अशी सक्ती २०१८ पासून सुरू झाली आणि ही किमान पातळी पुढे वेळोवेळी वर सरकत गेली. त्यामुळे जुन्या नियमांवर थांबून राहण्याची मुभा विकसकांना उरली नाही. यावर तोडगा म्हणून काही विकसकांनी छोटी सोबती ॲप्स काढली. टास्करसाठी ‘टास्कर सेटिंग्ज’, मॅक्रोड्रॉइडसाठी ‘मॅक्रोड्रॉइड हेल्पर’. यात मुख्य ॲप नवे नियम पाळते, तर प्ले स्टोअरबाहेरून बसवलेले सोबती ॲप जुन्या नियमांच्या आधारे वायफाय बंद करण्यासारखी कामे करते. पण हाही कायमचा आसरा नाही. अँड्रॉइड १४ पासून फार जुन्या आवृत्तीसाठी बनवलेली ॲप्स बसवूच दिली जात नाहीत आणि अँड्रॉइड १५ मध्ये ही मर्यादा आणखी एक पायरी वर गेली.

गुगलने हे केवळ आडमुठेपणाने केले, असे म्हणता येणार नाही. जी सोय ऑटोमेशन ॲपला मिळते, तीच कोणत्याही खोडसाळ ॲपलाही मिळते. टॉर्चचे ॲप म्हणून बसवलेले काहीतरी मागच्या मागे मोबाइल डेटा चालू करू लागले, तर त्याचा फटका सामान्य ग्राहकालाच बसतो. तोटा इतकाच, की चोरासाठी लावलेले कुलूप घरमालकालाही लागू झाले.

रूट केल्याने काय गमवावे लागते?

पहिली किंमत सुरुवातीलाच मोजावी लागते. रूट करण्यासाठी सहसा फोनचा ‘बूटलोडर’ उघडावा लागतो आणि तो उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. काही कंपन्या तो उघडूच देत नाहीत. सॅमसंगच्या फोनमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर टाकल्यास ‘नॉक्स’ या सुरक्षा यंत्रणेची खूण कायमची बदलते. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरी ती पूर्ववत होत नाही आणि ‘सिक्युअर फोल्डर’सारख्या सुविधा त्या फोनवर मिळत नाहीत. कंपनीकडून येणारी सुरक्षा अपडेट नेहमीच्या मार्गाने बसण्यातही अडचणी येतात.

भारतातील वापरकर्त्यासाठी सर्वांत मोठा प्रश्न मात्र बँक आणि यूपीआय ॲप्सचा आहे. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल पेमेंट सुरक्षेबाबत निर्देश जारी केले. फोन रूट केलेला आहे का हे तपासावे आणि तसे असल्यास ॲप बसू किंवा चालू न देण्याची शक्यता बँकांनी पडताळून पाहावी, असे त्यात म्हटले आहे. अनेक बँकांची ॲप्स तशी तपासणी करतात. गुगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ ही सेवा फोनचे सॉफ्टवेअर मूळ स्वरूपात आहे का, याची खात्री ॲप्सना देते. तिच्या सर्वांत कडक पातळीवर ही ग्वाही फोनमधील सुरक्षा चिपच्या आधारे दिली जाते. रूट लपवण्याच्या युक्त्या निघतात, काही काळ चालतात आणि नवी तपासणी आली की निकामी होतात. भाजीवाल्यापासून वीजबिलापर्यंत सर्व व्यवहार ज्या फोनवरून होतात, तो फोन या लपंडावात उतरवायचा का, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. ऑटोमेशन ॲपला एकदा रूट दिले की त्यात चालणाऱ्या प्रत्येक नियमाला ते वापरता येते. इतरांनी तयार केलेले नियम आयात करण्याची सोय या ॲप्समध्ये असते. अनोळखी व्यक्तीचा नियम न वाचता आयात केला, तर त्यातील आज्ञाही सर्वाधिकारानेच चालतील.

प्लगइनची कल्पना कुठून आली?

एकाच ॲपमध्ये जगातील सगळ्या सोयी भरणे शक्य नसते. घरातील दिव्यांपासून स्मार्ट घड्याळापर्यंत प्रत्येक वस्तूची भाषा वेगळी. त्यामुळे मुख्य ॲपने फक्त ‘केव्हा’ हे सांभाळावे आणि ‘काय’ हे दुसऱ्या छोट्या ॲपने करावे, अशी कामाची वाटणी झाली. त्या छोट्या ॲपला प्लगइन म्हणतात.

अँड्रॉइडवर ही पद्धत रुजवली ती ‘लोकेल’ या ॲपने. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ते तयार केले आणि २००८ च्या अँड्रॉइड डेव्हलपर चॅलेंज स्पर्धेत त्याला २ लाख ७५ हजार डॉलरचे सर्वोच्च श्रेणीतील पारितोषिक मिळाले. लोकेलने आपल्या प्लगइनची रचना खुली ठेवली. टास्करने तीच स्वीकारली, पुढे इतरांनीही. त्यामुळे एकासाठी लिहिलेले प्लगइन दुसऱ्या ऑटोमेशन ॲपमध्येही चालू लागले. मुख्य ॲप केवळ निरोप देते, ‘वेळ झाली, ठरलेले काम कर’. बाकीचे काम प्लगइन पाहते.

प्लगइनवर विसंबण्यात धोका कोणता?

या वाटणीत एका नियमामागे दोन विकसक उभे राहतात आणि त्यातील एकाने जरी काम थांबवले, तरी नियम अडतो. प्लगइन बहुधा एकट्या माणसाने फावल्या वेळात लिहिलेले असते. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली, प्ले स्टोअरच्या अटी बदलल्या, की त्याला पुन्हा कामाला बसावे लागते. ‘सिक्युअर सेटिंग्ज’ हे एकेकाळी टास्कर वापरणाऱ्यांचे, विशेषतः रूट केलेल्या फोनवरील, आवडते प्लगइन होते. त्याची अपडेट थांबली आणि ते प्ले स्टोअरवरून दिसेनासे झाले. त्यावर बेतलेल्या नियमांसाठी लोकांना दुसरे मार्ग शोधावे लागले.

फोन कंपन्यांची बॅटरी वाचवण्याची धोरणेही येथे आडवी येतात. अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ हा झोपेचा प्रकार आला, अँड्रॉइड ८ मध्ये मागे चालणाऱ्या ॲप्सवर बंधने आली. त्यापलीकडे अनेक कंपन्यांचे फोन न वापरलेले ॲप स्वतःच्या नियमांनुसार बंद करतात. मुख्य ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट दिली, पण प्लगइनला द्यायची राहिली, तर निरोप पोहोचूनही काम होत नाही.

यातून टास्करने काढलेला मार्ग लक्षणीय आहे. टास्करसाठी ‘ऑटोॲप्स’ नावाची प्लगइन्स लिहिणारे पोर्तुगालचे जोआव डियास यांच्याकडेच २०१८ मध्ये टास्करची सूत्रे आली. त्यानंतर पूर्वी प्लगइनशिवाय न होणारी बरीच कामे मुख्य ॲपमध्येच होऊ लागली. आधार जितके कमी, तितके मोडण्याचे प्रसंग कमी, हेच त्यातून दिसते.

रूटला मधला मार्ग आहे का?

आहे. विकसकांना चाचणीसाठी संगणकावरून फोनला आज्ञा देता यावी म्हणून अँड्रॉइडमध्ये ‘एडीबी’ ही सोय आहे. तिचे अधिकार साध्या ॲपपेक्षा जास्त, पण रूटपेक्षा बरेच कमी असतात. फोन एकदा संगणकाला जोडून एडीबीद्वारे टास्करसारख्या ॲपला ‘सुरक्षित सेटिंग्ज बदलण्याची’ परवानगी देता येते. ती फोन बंद-चालू केला तरी टिकते, बूटलोडर उघडावा लागत नाही आणि माहितीही पुसली जात नाही. रूटशिवाय अशक्य वाटणाऱ्या काही कृती एवढ्यानेच साधतात.

दुसरा मार्ग ‘शिझुकू’ या ॲपचा. एडीबीचे अधिकार तो इतर ॲप्सना वापरू देतो. अँड्रॉइड ११ पासून ‘वायरलेस डीबगिंग’ आल्याने त्यासाठी संगणकही लागत नाही. मोबाइल डेटा चालू-बंद करणे यातून जमते. अडचण अशी, की रूट नसलेल्या फोनवर फोन पुन्हा सुरू झाल्यावर शिझुकू बहुधा नव्याने चालू करावे लागते. शिवाय काही बँक ॲप्स ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ किंवा डीबगिंग चालू दिसले तरी उघडत नाहीत.

‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी कितपत सुरक्षित?

हा तिसरा मार्ग सर्वांत सोपा दिसतो आणि म्हणूनच त्यावर जास्त विचार हवा. दृष्टिहीन किंवा हात सहज न हलवता येणाऱ्या व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून ही सेवा आहे. तिच्याद्वारे ॲपला पडद्यावरील मजकूर वाचता येतो आणि वापरकर्त्याच्या वतीने बटणेही दाबता येतात. टास्करचे ‘ऑटोइनपुट’ हे प्लगइन याच आधारावर चालते. रूट नको, संगणक नको, फक्त एक बटण सुरू करायचे. पण दुसऱ्या ॲपचा पडदा किंचित बदलला, बटणाची जागा हलली, की असा नियम चुकतो.

त्याहून गंभीर बाब सुरक्षेची. वाहतूक चलान किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून ॲप बसवायला लावणाऱ्या फसवणुकीबाबत पोलिसांनी वारंवार सावध केले आहे. अशा ॲप्सचा डोळा एसएमएस, सूचना आणि ॲक्सेसिबिलिटी याच परवानग्यांवर असतो, कारण ओटीपी तिथेच मिळतो. म्हणूनच अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून बसवलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी देणे मुद्दाम अवघड केले आहे. २०१८ च्या अखेरीस गुगलने एसएमएस आणि कॉल नोंदींची परवानगी मागणाऱ्या ॲप्सवर बंधने आणली, तीही याच कारणासाठी. तेव्हा ऑटोमेशन ॲप्ससाठी अपवाद ठेवण्यात आला, म्हणून वडिलांच्या फोनवरून जाणारा एसएमएस आजही जाऊ शकतो.

आयफोनमध्ये हा प्रश्न का येत नाही?

ॲपलने २०१७ मध्ये ‘वर्कफ्लो’ हे ऑटोमेशन ॲप विकत घेतले आणि २०१८ मध्ये आयओएस १२ बरोबर त्याचे ‘शॉर्टकट्स’ केले. ते कंपनीचेच असल्याने फ्लाइट मोड, मोबाइल डेटा, वायफाय, ब्लूटूथ बदलण्यासाठी त्याला वेगळ्या अधिकाराची गरज नाही. मात्र, फोनच्या सेटिंग्जबाबत काय करता येईल याची यादी ॲपलच ठरवते आणि त्या यादीबाहेर जाण्याची वाट बाहेरच्या विकसकाला नाही.

अँड्रॉइडवरही असे पर्याय आहेत. सॅमसंगचे ‘मोड्स अँड रूटीन्स’ हे फोनसोबतच येते आणि रात्री मोबाइल डेटा बंद करण्यासारखे काम रूट किंवा प्लगइनशिवाय करते. अनेक जण टास्करचा खटाटोप करतात, तेव्हा तेच काम करणारी सोय त्यांच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये आधीपासून असते.

वापरकर्त्याने कोणता क्रम ठेवावा?

जाणकार वापरकर्ते खालच्या पायरीपासून सुरुवात करतात. आधी फोनमध्येच असलेली सोय पाहायची. ती नसेल, तर ऑटोमेशन ॲपची साध्या परवानगीने होणारी कृती. त्यानेही जमले नाही, तर ज्याची अपडेट अलीकडची आहे असे प्लगइन. मग एडीबीने दिलेली एखादी परवानगी किंवा शिझुकू. ॲक्सेसिबिलिटी फक्त ओळखीच्या, प्ले स्टोअरवरील ॲपला आणि काम असेल तेव्हाच. रूट अगदी शेवटी आणि तेही शक्यतो बँकेचे ॲप नसलेल्या जुन्या, दुसऱ्या फोनवर. कपाटात पडून असलेला जुना हँडसेट यासाठी उत्तम.

एखाद्या नियमावर महत्त्वाचे काम सोपवायचे असेल, तर तो बंद पडल्याचे कळण्याची व्यवस्थाही हवी, कारण नियम मोडला तरी बहुतेक वेळा फोन काहीच सांगत नाही. वडिलांच्या बॅटरीचा एसएमएस आला नाही, याचा अर्थ बॅटरी भरलेली आहे असा होतो, तसाच ॲप बंद पडले आहे असाही होऊ शकतो. यावर सोपा उपाय म्हणजे दुसरा नियम. रोज सकाळी आठला ‘सर्व ठीक’ असा एक संदेश पाठवणारा. तो ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी वडिलांना फोन करायचा. अँड्रॉइडची मोठी अपडेट आली, प्लगइन बदलले किंवा फोन बराच वेळ बंद राहिला, की असे सगळे नियम एकदा हाताने चालवून पाहणे हाही याच सवयीचा भाग.